‘जीए मारा, लिंबू दुप्पट करा’: या मेसेजात किती तथ्य?

भडगाव-पाचोऱ्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लिंबू-मोसंबीवर जिब्रेलिक ॲसिड म्हणजे जीए (झाडाच्या वाढीचं हार्मोन) मारा, फळ दुप्पट होतं, गळ थांबते; कधीही मारा, नैसर्गिक आहे, डोस वाढला तरी अपाय नाही.

फळ दुप्पट? हा समज द्राक्षावरून आला. नाशिककडे बिनबियांच्या द्राक्षाचे घड जीएत बुडवतात आणि मणी फुगतो, कारण बी नसल्यानं त्याला घरचं जिब्रेलिन, म्हणजे जीएच्याच जातीचं हार्मोन, कमी पडतं. आपल्या कागदी लिंबात, मोसंबीत बिया आहेत. शिवाय फळात पेशी किती होणार हे फळ धरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ठरतं; पुढे त्या भरतात पाण्यानं आणि पानांत बनलेल्या साखरेनं. हार्मोन निरोप पोचवतं, शिधा नाही. काही ऑक्झिनं (दुसऱ्या जातीची हार्मोनं) ठराविक अवस्थेत फळ थोडं वाढवतात, पण ती वेगळी.

गळ थांबते, हे अर्धसत्य. लिंबूवर्गात बहुतेक फुलं गळतातच, झाड आपलं ओझं आपणच उतरवतं. मे महिन्याच्या उन्हात पाण्याचा ताण पडला की देठाशी ऑक्झिन घटतं, फळ पिकवणारा वायू इथिलीन वाढतो आणि तिथला पेशींचा थर सुटतो. अशा गळीवर 10-15 पीपीएम (दहा लाख भागांत 10-15 भाग) जीए किंवा 2,4-डी हे कृत्रिम ऑक्झिन उपयोगी पडतं. मुळं सडली असतील किंवा रात्री पतंगानं फळ टोचलं असेल, तर मात्र नाही. खाली पडलेलं फळ हातात घ्या: बारीक भोक आणि भोवती मऊ, कुजका डाग दिसला, तर ती गळ जीएनं थांबायची नाही.

‘कधीही मारा’ हे सर्वांत महागात पडणारं. जीए फुलकळी दाबतं. हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं) धरणारे जूनमध्ये 50 पीपीएम जीए मारतात, ते मृगाची, म्हणजे जून-जुलैची, फुलं येऊ नयेत म्हणूनच! तेच आंबे बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांच्या) तोंडावर डिसेंबरात मारलं तर फुलं कुठून येणार?

आणि डोस. 10 पीपीएम म्हणजे 100 लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला दीडशे मिलिग्रॅम. अंदाजानं चिमूट टाकायचं हे काम नव्हे. नैसर्गिक म्हणाल, तर जीए सापडलं तेच भात उंच, लुकडा करून लोळवणाऱ्या बुरशीत. 2,4-डी तर मुळात तणनाशक. बांधापलीकडे कपाशी असेल तर वाऱ्यावर गेलेला फवाराही पुरतो: नवी पानं अरुंद, बोटांसारखी फाटलेली निघतात. त्या पंपानं कपाशीवर पुन्हा फवारायचंच नाही. पंप वेगळा ठेवा.