‘कॅम्प’ हा शब्द मी का ठेवला

नमस्कार.

माझी सिंधी मैत्रीण आणि तिचा निर्वासितांचा ‘कॅम्प’ यांवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फाळणीनंतर कोल्हापूरनं सिंधी लोकांना आसरा दिला, आज कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची कापडपेठ एवढी नावाजलेली आहे, मग पंच्याहत्तर वर्षांनी ‘कॅम्प, कॅम्प’ करत बसणं म्हणजे उपकाराची जाण नसणं. शिवाय ती सिंधी, मी मराठी. तिचं दुःख मांडायचा मला काय अधिकार? आणि १९४८ साली पोलिश लोक ‘मायदेशी परतले’ हे माझं वाक्य चूक आहे.

शेवटचं आधी घेते. ती चूक माझीच. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत, म्हणजे आजच्या गांधीनगरात, राहिली. त्यांतली काही पोलंडला गेली, पण पुष्कळ इंग्लंडला आणि तिथून कुठं कुठं पांगली. रशियानं ज्या मुलखातून त्यांना हुसकावून सायबेरियाकडं नेलं होतं, तो मुलूखच युद्धानंतर पोलंडचा राहिला नव्हता. परतायचं कुठं? वाक्य दुरुस्त केलंय. आभारी आहे.

पण याच दुरुस्तीवरून तुम्हाला एक विचारते. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे. पोलंडहून कुणी आलं की आपण त्यांना कौतुकानं वळिवड्याला नेतो आणि ‘आमच्या कोल्हापूरनं यांना सांभाळलं’ म्हणून सांगतो. ते पाच वर्षं राहिले. त्यांच्या पाठोपाठ त्याच बराकींत जी माणसं आली, आणि इथंच राहिली, इथंच म्हातारी झाली, त्यांच्यातल्या एकीनं ‘कॅम्प’ म्हटलं तर आपल्याला का टोचावं? पोलिश बाईची आठवण आपल्याला इतिहास वाटते आणि सिंधी बाईची तक्रार, हे मला पटत नाही.

आणि ती तक्रार करतच नाही. कॅम्प म्हणजे तिचं माहेर. सिंधमधलं शिकारपूर तिला आठवत नाही; कराचीहून बोटीनं निघाले तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला आठवते ती बराक, तिथला नळ आणि उन्हात बाजेवर वाळणारे पापड.

आता अधिकाराचं. यावर मी खरंच विचार केला.

आम्ही पाचवीत भेटलो. पहिल्या दिवशी बाईंनी ‘निर्वासित मुलींनी उभं राहा’ म्हटलं. तीन मुली उभ्या राहिल्या. फीच्या सवलतीसाठी नावं हवी होती, बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वर्ग हसला आणि मीही हसले. हे मागच्या लेखात मी लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. पुढं महिनाभर ती डबा भिंतीकडं तोंड करून खायची.

मग एकदा मी तिच्या घरी गेले. दारात पाऊल ठेवलं तोच तिच्या आईनं चिमट्यात पापड धरून निखाऱ्यावर भाजला, मिऱ्याचा खमंग वास सुटला, आणि पापड व पाण्याचा तांब्या माझ्यापुढं आला. जेवायला वाढतायत की काय, म्हणून मी बावरले. ती म्हणाली, “अगं, तुमच्यात गूळ-पाणी देतात ना, तसं हे.” त्या दिवसापासून आमची मैत्री.

आता ती एकोणऐंशीची, मी अठ्ठ्याहत्तरची. तिचे आईवडील गेले, दोघं भाऊ गेले. मुलांना, नातवंडांना बराक माहीत नाही. आईची पत्रं ट्रंकेत आहेत, पण ती सिंधीत, अरबी लिपीत लिहिलेली. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. घरी सिंधी बोलणारंही आता कुणी उरलं नाही. तिची आई कशी हसायची, पापड लाटताना कुठलं गाणं गुणगुणायची, हे तिच्याखेरीज आता फक्त मला आठवतं. ती अर्धं सांगते, मी उरलेलं सांगते. कधी भांडतो. मी नसेन तर ‘असं होतं ना गं?’ हे ती विचारणार कुणाला? अधिकार म्हणाल तर माझ्याकडं एवढाच आहे.

‘ती अजून परकीच राहिली’ असंही तुम्ही ओघात लिहिलंय. पुण्यात एका लग्नात ती म्हणाली, “मी मघाशीच आलो.” शेजारच्या बाईंनी लगेच सुधारलं: “आले म्हणायचं. तुम्ही सिंधी ना, म्हणून होतं तसं.” अहो, ‘आलो-गेलो’ हे आम्हा कोल्हापूरच्या बायकांचंच बोलणं! माझी आईही तसंच बोलायची. मला इतका राग आला की जेवण गोड लागलं नाही. ती मात्र शांतपणे म्हणाली, “जाऊ दे, चल, आपण जेवतो.”

काल संध्याकाळी तिला फोनवर तुमची सगळी प्रतिक्रिया वाचून दाखवली. उपकारांवर ती काही बोलली नाही. अधिकारावरही नाही. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “नळ बराकीच्या उजवीकडं लिहिलायस तू. डावीकडं होता. आई डाव्या कमरेवर घागर घेऊन वळायची, आठवतंय का? ते तेवढं बदल.”

बदललंय.