खुलासा: एल ग्रेकोचा योहान लांबुळका दिसतो तो चष्म्याच्या नंबरमुळे नव्हे

स्पेनमध्ये काम केलेला जुना चित्रकार एल ग्रेको, त्याच्या ‘पाचवा शिक्का फोडताना’ या चित्राचा फोटो सध्या फिरतोय. सोबत मजकूर: ‘चित्रकाराला अॅस्टिग्मॅटिझम (दिसणं विकृत करणारा डोळ्याचा दोष) होता, म्हणून माणसं ताणलेली.’ हा दावा टिकत नाही.

साधा हिशोब करा. ज्याला सगळंच उभं ताणलेलं दिसतं, त्याला स्वतःचा कॅनव्हासही तसाच दिसणार. समोरचा माणूस आणि चित्रातला माणूस त्याच्या डोळ्याला जुळला, की आपल्याला तो नेहमीच्याच मापाचा दिसेल. दोष तिथल्या तिथे फिटतो.

दुसरा पुरावा स्पेनमधल्या तोलेदो शहराच्या सांतो तोमे चर्चमध्ये आहे. तिथल्या काउंट ओर्गासच्या दफनाच्या चित्रात (1586-88) खाली जमिनीवरची माणसं नेहमीच्या बांध्याची, वर स्वर्गातली मात्र ज्योतीसारखी लांबलेली. चष्म्याचा नंबर काय अर्ध्या कॅनव्हासपुरता असतो? ताण मुद्दाम दिलेला आहे. त्या काळच्या मॅनरिस्ट शैलीच्या (शरीरं मुद्दाम लांबवणाऱ्या) चित्रकारांची ती आवडती रीतच होती.

फोटोतलं चित्र 1608 ते 1614 दरम्यानचं, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. प्रसंग बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातला (6:9-11): मोहरबंद गुंडाळीचा पाचवा शिक्का फुटतो, हुतात्म्यांचे आत्मे न्याय मागतात, त्यांना पांढरे झगे मिळतात. डावीकडे निळ्या वस्त्रातला, हात आभाळाकडे फेकलेला तो योहान, हे दृश्य ज्याला दिसलं तो संत. तो इतका अवाढव्य वाटतो याला आणखी एक कारण आहे, आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही: 1880 मध्ये चित्राचा वरचा मोठा भाग कापून टाकला गेला. योहानाची नजर जिकडे लागलीय, ते आभाळच आता चित्रात नाही.