‘डोळे झाकून फ्लटर घ्या’ म्हणणाऱ्यांना

सध्या फिरणाऱ्या एका मजकुराचा मथितार्थ असा: अँड्रॉइड आणि आयओएससाठी कोड एकदाच लिहा, खर्च निम्मा होतो, फ्लटर सगळ्यांत वेगवान, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह संपलं, मुक्कामाच्या जागा भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीनेही ते सोडलं, तेव्हा डोळे झाकून फ्लटर घ्या. फ्लटर हे गूगलचं फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅप बांधायचा तयार सांगाडा; रिअ‍ॅक्ट नेटिव्ह त्याचा प्रतिस्पर्धी. फ्लटर चांगलंच आहे. माझी हरकत डोळे झाकण्याला आहे.

‘खर्च निम्मा.’ फॉर्म, याद्या आणि सर्व्हरशी देवाणघेवाण एवढंच अ‍ॅप असेल तर बचत खरी. पण फोनच्या आतल्या गोष्टींना हात लावला की कोडला फाटे फुटतात. समजा, अ‍ॅप बॅकग्राउंडला गेल्यावरही लोकेशन टिपत राहायचंय. अँड्रॉइडवर त्यासाठी फोरग्राउंड सर्व्हिस (युजरच्या नजरेसमोर चालू राहणारं काम) लागते, तिचं नोटिफिकेशन लागतं, आणि तिचा प्रकारही मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सिस्टिमला माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, जाहीर करावा लागतो. आयओएसवर सगळा मामला वेगळा: बॅकग्राउंड मोड चालू करा, परवानगी मागण्याचं कारण लिहा, आणि अ‍ॅपलच्या रिव्ह्यू करणाऱ्यांना ते पटवा. फ्लटरच्या डार्ट भाषेतली एकच ओळ दोन्हीकडे चालते, कारण कुणीतरी प्लगइनमध्ये (बाहेरून जोडायच्या तयार कोडमध्ये) दोन्ही बाजूंचा नेटिव्ह, म्हणजे त्या त्या सिस्टिमचा स्वतःचा, कोड वेगवेगळा लिहून ठेवलेला असतो. त्याने प्लगइनकडे पाठ फिरवली की तो सगळा कोड तुमच्या गळ्यात. टेस्टिंग दोन्हीकडे करायचं ते वेगळंच.

‘सगळ्यांत वेगवान.’ कशात? फ्लटर स्क्रीनवरचं जवळपास सगळं स्वतः रंगवतं, म्हणून अ‍ॅनिमेशनने भरलेल्या अ‍ॅपमध्ये ते उठून दिसतं. त्याच पद्धतीपायी आयफोनवर एखादं अ‍ॅनिमेशन पहिल्यांदा चालताना अडखळायचं, कारण शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) ऐनवेळी कंपाइल व्हायचे. त्यावर उपाय म्हणून आणलेलं इम्पेलर हे रंगवणारं नवं इंजिन आयओएसवर डिफॉल्ट झालं ते २०२३ मध्ये, ३.१० आवृत्तीत. शिवाय स्वतः रंगवायचं म्हटलं की अ‍ॅपलने २०२५ मध्ये आयओएस २६ चा चेहरामोहरा बदलला तरी तुमची बटणं जुनीच राहतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमधले जे घटक खरोखर सिस्टिमचे असतात, त्यांना अ‍ॅपलच्या एक्सकोड या साधनाच्या नव्या आवृत्तीने बिल्ड केल्यावर नवं रूप मिळतं. आणि साध्या यादीच्या स्क्रीनवर युजर थांबलेला असतो तो बहुतेकदा नेटवर्कसाठी. तिथे फ्रेमवर्क काय करणार?

‘रिअ‍ॅक्ट नेटिव्ह संपलं.’ २०१५ मध्ये फेसबुकने खुलं केलेल्या या फ्रेमवर्कवरची जुनी टीका मुख्यतः जावास्क्रिप्ट (त्याची भाषा) आणि नेटिव्ह बाजूंमध्ये निरोपांची ने-आण करणाऱ्या ‘ब्रिज’वर होती. ऑक्टोबर २०२४ च्या ०.७६ आवृत्तीत नवी रचना डिफॉल्ट झाली आणि तो ब्रिज बाजूला पडला. त्याआधीचे बेंचमार्क (वेगाच्या चाचण्या) आज तोंडावर फेकण्यात अर्थ नाही. राहिली एअरबीएनबी. २०१८ मध्ये त्यांनी रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडलं हे खरं, पण त्यांनी ते आधीपासूनच्या मोठ्या नेटिव्ह अ‍ॅपांमध्ये मिसळलं होतं. दोनऐवजी तीन आघाड्या सांभाळायची वेळ आली. हा दाखला मिसळण्याविरुद्ध जातो. कोरं अ‍ॅप सुरू करणाऱ्याला तो लागू कसा?

मजकुरात कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्मचं, म्हणजे कॉटलिन भाषेतला कोड दोन्हीकडे वापरू देणाऱ्या साधनाचं, नावही नाही. नोव्हेंबर २०२३ पासून ते स्टेबल आहे. फक्त लॉजिक (पडद्यामागचे नियम आणि हिशेब) सामाईक ठेवून स्क्रीन दोन्हीकडे नेटिव्ह लिहिता येतात. हाताशी अँड्रॉइडची मुरलेली टीम असेल तर मी आधी तिकडे बघेन, आणि टीम रिअ‍ॅक्टमध्ये (वेबसाठीच्या याच घराण्यातल्या लायब्ररीत) रुळलेली असेल तर रिअ‍ॅक्ट नेटिव्हकडे.

मागे मोठी कंपनी आहे म्हणून निर्धास्त असाल, तर झामरिन या अशाच फ्रेमवर्कच्या मागे मायक्रोसॉफ्ट होती. १ मे २०२४ ला त्याचा सपोर्ट थांबला आणि लोकांना माउई या तिच्याच नव्या फ्रेमवर्कवर बस्तान हलवावं लागलं. म्हणून फ्रेमवर्क ठरवण्याआधी लागणाऱ्या प्लगइनांची यादी काढा, प्रत्येकाचं शेवटचं रिलीज कधीचं ते पाहा, आणि सगळ्यांत अवघड फीचर आधी एखाद्या जुन्या, कमी रॅमच्या अँड्रॉइडवर चालवून बघा. लॉगिनचा स्क्रीन काय, कशातही होतो.