खुलासा : तीर्थनच्या ट्राउटला खाडीचा तंगूस नको

ठाण्यातल्या गळवाल्यांच्या ग्रुपवर संदेश फिरतोय : 'हिमाचलच्या तीर्थन नदीत खाडीचा ०.३० मिमी तंगूसच न्या. ट्राउट माशी बघतो, दोरा नाही.' (ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि माशी म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेला नकली किडा.) हे अर्धंच खरं. दोरा दिसण्यापेक्षा त्याचा ताठपणा नडतो. १६ नंबरच्या, म्हणजे बारीक गळाच्या नेढ्यात तो मुश्किलीनं ओवला जातो आणि माशीला प्रवाहावर आडवी ओढतो. तिच्यामागे पाण्यावर बारीकशी रेघ उमटली, की ब्राउन ट्राउट तोंड फिरवतो. शेवटचे दोन-तीन फूट ५एक्स, म्हणजे ०.१५ मिमी जाडीचा तंगूस लावा आणि सैल पडू द्या. त्याहून बारीक ७एक्सचा मोह मात्र टाळा. तो तुटतो, नाहीतर मासा खेळवताना दमून मरतो. गाठ थुंकीनं ओली करूनच आवळा, कोरडी आवळली तर तंगूस घर्षणानं तापून कमजोर होतो आणि तिथेच तुटतो. मत्स्य विभागाचा परवाना लागतोच.