बाबासाहेबांची वकिली, मुंबईचं कौन्सिल आणि एक फिरता मजकूर

एक मजकूर वर्षभरात माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. त्याचं म्हणणं असं: डॉ. आंबेडकरांची वकिली चालली नाही म्हणून ते राजकारणात शिरले. मुंबईच्या विधिमंडळात इंग्रजांनी त्यांना नेमलं, म्हणून तिथं ते सरकारचीच री ओढत राहिले. निवडणूक ते कधी जिंकलेच नाहीत. आणि जे काही बोलले ते आपल्या जातीपुरतं. पुढं पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची शिकली-सवरलेली माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

वकिलीपासून सुरुवात करू. 1923 साली त्यांनी मुंबई हायकोर्टाची सनद घेतली. सुरुवातीला कामं कमी मिळाली, हे खरं आहे. हायकोर्टात बॅरिस्टरकडे काम यायचं ते सॉलिसिटरच्या, म्हणजे अशिलाचं काम आधी हाती घेणाऱ्या वकिलाच्या, हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे कागद द्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. याला वकिली न चालणं म्हणायचं, की वकिली चालू न देणं? तरी 1926 मध्ये ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे, जवळकर आणि बागडे यांच्यावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, खालच्या कोर्टात शिक्षा झालेली असताना, पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील चालवून त्यांनी सगळ्यांना सोडवलं. 1934 मध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहिले तेही बाबासाहेबच. तो खटला ते हरले. पण संततिनियमनाचं नाव काढलं की लोक तोंड फिरवत, त्या काळात हे वकीलपत्र त्यांनी घेतलं होतं. ज्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवलं, तिथंच 1935 साली ते प्राचार्य झाले.

आणि चवदार तळं. 20 मार्च 1927 ला ओंजळीनं पाणी प्यायले, एवढंच आपल्याला आठवतं. त्याच्या आधीची आणि नंतरची कायद्याची लढाई कुणी सांगत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळानं, 1923 मध्ये मंजूर केला होता. त्याच्या आधारानं महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, आणि सत्याग्रहानंतर विरोधापुढं वाकून तो ठराव मागं घेतला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाला हजारो लोक जमत होते, तेवढ्यात सवर्णांनी दावा लावून कोर्टाचा मनाईहुकूम आणला. लोक पाण्यात उतरायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं आणि प्रकरण कोर्टात लढवलं. महाड, ठाणे, मग हायकोर्ट. 17 मार्च 1937 ला हायकोर्टानं सांगितलं, की अस्पृश्यांना पाणी बंद असल्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे दावेदारांना सिद्ध करता आलेलं नाही. दहा वर्षांत हा दावा सोडून दिला नाही, त्याला नापास वकील म्हणायचं?

आता सरकारची री. 1927 मध्ये ते कौन्सिलात आले ते गव्हर्नरनं नेमलेले सदस्य म्हणून, हे बरोबर. त्या वेळच्या मतदार यादीत यायला कर भरण्याइतकी ऐपत लागत असे. त्यांचे लोक यादीतच नसताना निवडून कसं यायचं? पण नेमलेला माणूस काय बोलला ते बघा. 12 मार्च 1927, म्हणजे महाडच्या आठ दिवस आधी, शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारचा हिशोब सरकारपुढंच मांडला: इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च 14 आणे, आणि दारूच्या अबकारीतून माणशी वसुली 2 रुपये 2 आणे 9 पै. लोकांकडून दारूपोटी जेवढं घेता, निदान तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. शाळेत गेलेल्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोचतात, बाकीची 82 पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. पदवीधर बापाची मुलं शिकणारच होती. हा माणूस त्या 82 मुलांसाठी बोलत होता.

निवडणुकीचं तर सरळ खोटं आहे. 1952 आणि 1954 चे लोकसभेचे पराभव खरे, पण 1937 मध्ये ते मुंबईतून विधानसभेवर निवडून आले. समोर काँग्रेसचे उमेदवार होते पालवणकर बाळू, ते नामांकित क्रिकेटपटू.

राहिली जात. 1928 साली गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची भत्त्यासह सुट्टी देणारं विधेयक कौन्सिलात आलं. ते त्यांचं नव्हतं, पण त्यांनी पाठिंबा दिला आणि आईला विश्रांती मिळण्यात देशाचंच हित आहे असं मांडलं. गिरणीत काय एकाच जातीच्या बायका होत्या? 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची वतनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणात खोताची कुळं मुख्यतः कुणबी आणि आगरी. जानेवारी 1938 मध्ये हजारो कुळं मुंबईत मोर्चानं आली, तेव्हा पुढं बाबासाहेब होते.

माझे पणजोबा खेडकडचे कुणबी. पीक निघालं की खोताचा वाटा आधी, घरातली तोंडं नंतर. वर वेठ होतीच. खोती गेली ती 1949 च्या कायद्यानं. तो मजकूर मला पहिल्यांदा आला तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर.