शेजारच्या आजोबांची पत्र्याची पेटी

सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या इथल्या, कॅनडातल्या मराठी ग्रुपवर एका दादाने लिहिलं, "कॅनडाला स्वतःची शस्त्रं बनवायची हौस कशाला? शेजारी अमेरिका आहे ना!" खाली धडाधड अंगठे. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी म्हटलं, इथेच लिहावं.

रविवारी शेजारच्या आजोबांचं गॅरेज आवरायला गेलो होतो. वय ८६, आता मुलीकडे राहायला चाललेत. सगळं वाटून टाकलं, फक्त एका पत्र्याच्या पेटीला हात लावू देईनात. आत कानशी, पाने, मायक्रोमीटर, सगळं तेल लावून ठेवलेलं. तरुणपणी ते माल्टनला, म्हणजे आपण आज टोरांटोच्या ज्या विमानतळावर उतरतो तिथेच, ॲव्ह्रो या विमान कंपनीच्या कारखान्यात शिकाऊ फिटर होते. २० फेब्रुवारी १९५९, शुक्रवार. लाऊडस्पीकरवर सांगितलं, काम बंद. पेटी उचलली आणि घरी.

माहीत नसेल तर सांगतो. ॲव्ह्रो ॲरो हे त्या काळातलं जगातल्या सर्वोत्तम लढाऊ विमानांपैकी एक. मार्च १९५८ मध्ये पहिलं उड्डाण. पाच विमानं अमेरिकी इंजिनावर उडाली होती, सहाव्यात इथलंच इरॉक्वॉय इंजिन बसणार होतं. तेवढ्यात पंतप्रधान डीफनबेकरांच्या सरकारने सगळं रद्द केलं. एका दिवसात १४,००० वर लोक रस्त्यावर. आणि नुसतं रद्द नाही, तयार विमानं कापून भंगारात घातली! नाकाचा भाग आणि थोडे तुकडे तेवढे ओटावाच्या संग्रहालयात उरलेत. जिम चेंबरलिनसारखे इंजिनियर थेट नासात गेले, जेमिनी हे अंतराळयान त्यांनी घडवलं. आपली माणसं, शेजाऱ्याचं यान.

मग कॅनडाने काय घेतलं? अमेरिकेची बोमार्क क्षेपणास्त्रं आणि अमेरिकेच्याच हवाई दलाने वापरलेली ६६ वूडू विमानं. बोमार्कची अण्वस्त्रं कॅनडाच्या भूमीवर, पण ताबा अमेरिकेचा. त्याच वादात १९६३ मध्ये सरकारही पडलं.

मान्य, ॲरो महाग होतं आणि दुसरा कुठला देश ते घेत नव्हता. पण म्हणून करवत चालवायची?

माझे बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. भोंगा झाला की अख्खी कॉलनी सायकलवर. त्यांच्या व्हर्नियरला आम्हा मुलांना हात लावायची सोय नव्हती. म्हणून आजोबांनी पेटीवर हात ठेवला तेव्हा मला काही विचारावं लागलं नाही. हातातलं कसब एकदा मोडलं की ते पैसे टाकून दुकानातून परत आणता येत नाही. आपल्याला हे कुणी वेगळं शिकवायला हवं का? १९९८ च्या पोखरणनंतर तेजस या लढाऊ विमानावर काम करणाऱ्या भारतीय लोकांना अमेरिकेतून परत पाठवलं होतं, विसरलात?

"शेजारी अमेरिका आहे ना!" आहे की. त्याच शेजाऱ्याचा अध्यक्ष या देशाला ५१वं राज्य म्हणतो. आणि कॅनडाने त्याच्याकडूनच ८८ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं, ज्यांचं सॉफ्टवेअर, सुटे भाग सगळं त्याच्या मर्जीवर! मार्च २०२५ मध्ये फेरविचार सुरू झाला, साठ-सत्तर वर्षं उशिरा. तुर्कस्तान एफ-३५ चे सुटे भाग बनवत होता, तरी रशियाकडून एस-४०० ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं घेतली म्हणून २०१९ मध्ये त्याला त्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. युक्रेन ऐन युद्धात असताना अमेरिकेने त्याला द्यायची गुप्त माहिती काही दिवस थांबवली. याला भरवशाचा शेजारी म्हणायचं?

स्वीडन बघा. लोकसंख्या जेमतेम एक कोटी, कॅनडाच्या एक चतुर्थांश. ड्राकेन, विगेन, ग्रिपेन, एकामागून एक विमानं घरी बनवली. हो, ग्रिपेनचं इंजिन मुळात अमेरिकी, म्हणून विकताना त्यांनाही परवानगी लागते. सगळंच घरी बनवा असं मी म्हणतही नाही. पण विमान उघडून दुरुस्त करणारे, त्यात बदल करणारे हात तरी आपले हवेत ना? तेच हात आपण १९५९ ला घरी पाठवले. त्यातले दोन हात माझ्या शेजारी राहतात.

लिहिता लिहिता राग उतरला. दादा, तुम्ही वाईट नाही. आम्ही इथे आलो तेव्हा पोराला पहिलं जाड जॅकेट तुम्हीच आणून दिलं होतं. पण आजोबा निघायच्या आधी एकदा त्यांना भेटा. मी येतो सोबत.

मुलगी शनिवारी न्यायला येणार आहे. पेटी डिकीत टाकू नका, पुढे माझ्या पायाशी ठेवा, असं त्यांनी मला आत्ताच बजावून ठेवलंय.