अकराला येऊन पहिला नंबर मागणारे

उन्हं तापून थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, सुरू झाले की ग्लायडिंग क्लबातल्या या मंडळींची गाडी फाटकात हजर! तोवर हँगर उघडून ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, बाहेर काढलेलं असतं, पंखांच्या मुख्य पिना तपासलेल्या असतात, एकानं एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) धरून आणि दुसऱ्यानं कॉकपिटमधली स्टिक हलवून जोडण्या बघितलेल्या असतात. ग्लायडर वर ओढायची हजारभर मीटर केबलही अंथरून झालेली असते. आणि हे विचारणार, "माझा नंबर कधी?"

अहो, विंच (केबल गुंडाळून ग्लायडर ओढणारं यंत्र) चालवायला एक, पंख धरायला एक, सिग्नलला एक, केबल ओढून आणायला जीपवर एक, नोंदवहीला एक. यातला एक चहाला गेला की लाँच थांबला. कोल्हापूरच्या एप्रिलात बंद कॅनॉपीखाली, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाखाली, बसलेला माणूस भाजून निघतो, त्याचं काय?

वीक लिंकचं, म्हणजे जादा ताणाला आधी तुटावा म्हणून केबलमध्ये लावलेल्या कमजोर दुव्याचं, तर बोलायलाच नको. तुटली की हाताला येईल ती लावायची! लाल साधारण ७५० किलोच्या ताणाला तुटते, निळी ६०० च्या. निळीच्या जागी लाल लावली तर ती वेळेवर तुटणार नाही, जादा ताण थेट ग्लायडरवर जाईल. रंग बघायला कितीसा वेळ लागतो?

संध्याकाळी पंखांच्या पुढच्या कडेवरचे किडे ओल्या फडक्यानं पुसायचे असतात; वाळले की निघत नाहीत, हवेचा प्रवाह बिघडतो. तेव्हा नेमकी यांना घाई. सकाळी हँगर उघडणाऱ्यांची नावं पाटीवर आधी लागलीच पाहिजेत, आणि ग्लायडर आत गेल्याशिवाय कुणी गाडीला चावी लावायची नाही.